होसवाडीत कदमताल

आवाज आधी आला.
मी टपालाचा शिक्का पुसत बसलेलो,
वाटलं, खानापूरच्या भट्टीवरनं कौलांचा ट्रक येतोय,
मागचा फाळका आपटत.
मग वळणावर टोप्या दिसल्या.
बेळगावच्या कॉलेजातली पोरं-पोरी, साठेक,
पाठीवर घामाचे नकाशे,
तीन रांगा,
आणि बाजूच्या धुळीतनं एकटा चालणारा हवालदार.

आमच्या गावाचं नाव निम्मं कन्नड, निम्मं मराठी.
होस म्हणजे नवी. वाडी म्हणजे वाडीच.
थांब्यावरची पाटी तीनदा रंगवलीय,
कडक उन्हात खालचे थरही वाचता येतात.
त्यात आज हिंदी चालत आली:
बाएँ, दाएँ, बाएँ.
कट्ट्यावरचं एक पोर आपल्या परीनं जुळवत होतं,
एड, बल, एड,
आणि जुळत होतं की!

रस्ता मात्र मोकळा नव्हता.
नीलव्वा हणबरनं डांबरावर नाचणीची कणसं पसरलेली.
सकाळची बस, दुपारची बस, मधे एखादा वाळूचा डंपर,
एवढ्यावर तिची मळणी उरकते.
आज बसच आली नव्हती.

"थम!"
एकशे वीस बुटांपैकी एकशे एकोणीस थांबले.
एक मागनं आला. टप्.
तिसऱ्या रांगेतली शेवटची पोर
ओठ चावून समोर बघत राहिली.

"माताजी, रास्ता..." हवालदार म्हणाला.
नीलव्वानं खराटा टेकला.
"थांबलासा कशाला? नाचा की रं हिच्यावर!
बस येईना झालीया,
आणि तुमचे पाय तर फुकटच चालूल्यात."
लगेच तेच कन्नडमधनं, "कुणीरी अप्पा, कुणीरी,"
म्हणजे कळलं नाही म्हणायची सोय नको.

हवालदारानं कणसांकडं पाहिलं, मग घड्याळाकडं,
मग पुन्हा कणसांकडं.
खाली वाकून एक उचललं, तळहातावर चोळलं,
फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले.
कुठला होता कुणास ठाऊक.
ताठ झाला आणि ओरडला,
"कदम ताल!"

मग जे झालं ते.
कोंडा उडाला तो पापण्यांवर, पट्ट्यांवर, टोप्यांच्या तुऱ्यांवर,
कुत्री घराआड पळाली,
दूध घालायला निघालेल्या बाया घागरी कमरेवर घेऊन थांबल्या.
पोरं हसू दाबत होती, गुडघे वर, अजून वर,
आणि नीलव्वा कडेनं फिरत खराट्यानं कणसं आत लोटत होती,
बारक्या जनरलसारखी.
टेबलाखाली माझाही पाय हलत होता.
अठराव्या वर्षी कॅम्पातल्या मैदानावर
माझी छाती दोन सेंटीमीटर कमी भरली.
फीत थंड होती. बाकी विसरलो म्हणतो मी.

दहा मिनिटांत ते गेले.
मलप्रभेच्या पुलापर्यंत आवाज येत राहिला,
त्यात तो एक मागचा पाय
मी शेवटपर्यंत वेगळा ओळखत होतो.

सांजेला नीलव्वा वारं बघून पाखडत होती.
सुपात काहीतरी खणकलं.
पितळेची तीन अक्षरं, खांद्यावरची,
मागची पिन वाकलेली.
"काय लिवलंय?" तिनं विचारलं.
मी सांगितलं. तिला पटलं नाही.
"एवढ्याशानं पोरीला ओरडा बसंल की. धाड बघू."

कुणाला?
नाव तर कुणीच कुणाचं घेतलं नव्हतं.
तिनं तीही अक्षरं पदराला पुसली,
सोबत मूठभर नाचणी दिली, पुडीत.
मी पाकिटावर वर कन्नडमधनं, खाली मराठीतनं लिहिलं,
बेळगाव, कॅडेट कचेरी,
आणि मग, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा,
नियमात न बसणारा पत्ता:
तिसरी रांग, शेवटची,
डावा बूट सैल.